हृदय भरतं तेव्हा नाडी काय करते?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांनी आयुष्यभर तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस केली. रुग्णाचं मनगट हातात घेतल्याशिवाय ते चिठ्ठी लिहीत नसत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून आज नाडीवरच बोलायचं मी ठरवलं. नाडीबद्दल सगळं सांगायचं तर एक संध्याकाळ पुरणार नाही, तेव्हा एकच प्रश्न घेतो. शिरांमधून हृदयाकडे नेहमीपेक्षा जास्त रक्त आलं आणि हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, ताणली गेली, तर नाडी जलद होते की मंद?

प्रश्न बारावीच्या मुलालाही समजेल इतका सोपा आहे. उत्तरावर मात्र शंभराहून अधिक वर्षं वाद चालू आहे, आणि तो प्रयोगशाळेपुरता नाही. आपल्याकडच्या दवाखान्यांत खाटेशेजारी जी सलाईनची बाटली टांगलेली दिसते, तिचा या प्रश्नाशी सरळ संबंध आहे. त्या बाटलीकडे मी शेवटी येईन.

आधी जागा नीट पाहू. धमनीतला रक्तदाब आपण १२०/८० असा सांगतो. त्याच मापात उजव्या अलिंदातला दाब जेमतेम दोन ते सहा भरतो. भिंत पातळ आहे, दोनेक मिलिमीटरची. त्यामुळे थोडं जास्त रक्त आलं तरी ती चटकन ताणते. याच भिंतीत, ऊर्ध्व महाशिरा जिथे अलिंदात उघडते तिथे, हृदयाचा ठोका सुरू करणारा पेशींचा पुंजका बसलेला आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. फ्लॅक तेव्हा विद्यार्थी होता, आणि हा पुंजका त्याला पहिल्यांदा दिसला तो जमिनीखाली बिळं करून राहणाऱ्या मोल नावाच्या छोट्या प्राण्याच्या हृदयात. त्याला आपण सायनस नोड म्हणतो. ठोक्याचा उगम नेमका सर्वांत जास्त ताणणाऱ्या भिंतीत आहे, एवढं लक्षात ठेवा.

या नोडवर दोन बाजूंनी हुकमत चालते. मेंदूच्या तळापासून मानेतून छातीत उतरणारा व्हेगस मज्जातंतू वेग कमी करतो आणि सिंपथेटिक मज्जातंतू वाढवतात. दोन्हींचा परिणाम औषधांनी थांबवला तर तरुण माणसाचं हृदय मिनिटाला शंभराच्या आसपास, किंबहुना थोडं जास्तच धडधडतं. म्हणजे आपली विश्रांतीतली सत्तर-बहात्तरची नाडी ही व्हेगसने सतत आवरून धरलेली नाडी आहे. वेग वाढवायचा तर कुणी जोर लावायलाच हवा असं नाही. व्हेगसने हात थोडा सैल केला तरी काम होतं.

आता १९१५ सालाकडे येतो. त्यावेळी शरीरक्रियाशास्त्रात दोन गोष्टी जवळजवळ पक्क्या मानल्या जात. पहिली फ्रान्सच्या एत्येन-झ्यूल मारेची. धमनीतला दाब वाढला की नाडी मंदावते आणि दाब उतरला की नाडी वाढते, हे त्याने १८५९ साली मांडलं होतं. जखमेतून रक्त गेलेल्या माणसाची नाडी का धावते, हे त्यावरून समजत होतं. दुसरी गोष्ट लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगची. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१४ साली दाखवलं की हृदयात जितकं जास्त रक्त येईल, तितक्या जोराने स्नायू आकुंचन पावतो. या प्रयोगांसाठी स्टार्लिंग हृदय आणि फुफ्फुसं शरीरापासून वेगळी करून चालती ठेवी. अशा हृदयात कितीही रक्त सोडलं तरी ठोक्यांच्या वेगात म्हणण्यासारखा फरक पडत नसे. पण त्या हृदयाचे मेंदूशी जोडणारे मज्जातंतू तुटलेले असत, हे विसरून चालणार नाही.

फ्रान्सिस आर्थर बेनब्रिजने ते मज्जातंतू जागेवर ठेवले. बेनब्रिज १८७४ साली इंग्लंडच्या ईशान्येला स्टॉकटन-ऑन-टीज इथे जन्मला आणि केंब्रिजला शिकला. १९१५ साली तो लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त त्याचा निबंध आला. शिरांतून होणारा हृदयाचा भरणा आणि हृदयाचा वेग यांचा संबंध, एवढाच त्याचा विषय. भूल दिलेल्या कुत्र्याच्या मानेतल्या शिरेत तो मिठाचं द्रावण किंवा रक्त सोडी, आणि शिरांतला दाब, धमनीतला दाब आणि ठोक्यांचा वेग असं तिन्ही एकाच वेळी नोंदवी. शिरेतला दाब चढला की नाडी वाढे. धमनीतला दाब तेवढाच राहिला तरी वाढे, आणि थोडा चढला तरीही वाढे. मारेच्या हिशेबाने असं व्हायला नको होतं.

पुढची पायरी मला फार मोलाची वाटते. मानेतले दोन्ही बाजूंचे व्हेगस कापल्यावर हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, हे बेनब्रिजने पाहिलं. म्हणजे ताणाची बातमी मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते आणि हुकूम परत हृदयाकडे येतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आणि तिच्यात मुख्य भाग व्हेगसची पकड सैल होण्याचा आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. सिंपथेटिकचा थोडा वाटाही त्याने मान्य केला. आज कुठलाही वैद्यकीय विद्यार्थी हे 'बेनब्रिज रिफ्लेक्स' या नावाने शिकतो. १९१९ साली बेनब्रिज रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि त्याच वर्षी स्नायूंच्या व्यायामाच्या शरीरक्रियेवरचं त्याचं पुस्तक आलं. १९२१ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याच्या निष्कर्षावरचा खरा वाद पेटला तो त्यानंतर.

कारण इतरांनी प्रयोग करून पाहिले तेव्हा उत्तरं जुळेनात. कुणाच्या प्रयोगात नाडी वाढे, कुणाच्या कमी होई, तर कुणाच्या प्रयोगात काहीच होत नसे. कित्येकांनी बेनब्रिजचा निष्कर्षच नाकारला. १९५५ साली कोलरिज आणि लिंडेन यांनी एक साधी गोष्ट तपासली: सुरुवातीला नाडी किती होती? भूल दिलेल्या कुत्र्याची नाडी आधीच मंद असेल तर द्रव चढवल्यावर ती वाढे, आधीच जलद असेल तर कमी होई. द्रव तोच, शीरही तीच, आणि उत्तर उलटं. द्रव चढवला की अलिंदंही ताणतात आणि धमनीतला दाबही चढतो. पहिला बदल नाडी वाढवायला सांगतो, दुसरा कमी करायला. सुरुवातीच्या स्थितीत ज्याचं पारडं जड असेल त्याच्या बाजूने निकाल लागतो. इतकी वर्षं लोक एकमेकांना खोटं ठरवत होते, आणि दोघांचेही आकडे खरे होते. वैज्ञानिक वादांत हे वारंवार घडतं. निकाल आवर्जून लिहिला जातो, निकालाआधीची स्थिती मात्र कुणी लिहीत नाही.

ताणाची बातमी कोण नेतं, हा प्रश्न तरी राहतोच. १९३७ साली नोनिडेझ या सूक्ष्मशरीरशास्त्रज्ञाने महाशिरा आणि फुफ्फुसशिरा अलिंदांना मिळतात त्या सांध्यांमध्ये मज्जातंतूंची टोकं दाखवली. पण टोक दिसणं वेगळं आणि त्याची भाषा ऐकणं वेगळं. ती ऐकली एका भारतीयाने, आणि त्याच्याबद्दल मी थोडं सविस्तर बोलणार आहे, कारण आपल्या शाळा-कॉलेजांत त्याचं नाव जितकं यायला हवं तितकं येत नाही.

औतार सिंग पेंटल. जन्म १९२५ सालचा, ब्रह्मदेशातल्या मोगोकचा. वैद्यकीचं शिक्षण लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजात, आणि पुढचं संशोधन एडिनबरोला. व्हेगस म्हणजे हजारो तंतूंचा जुडगा. जठर, फुफ्फुसं, हृदय, महाधमनी, सगळीकडच्या बातम्या त्यातून एकाच वेळी धावत असतात. सबंध व्हेगसवर इलेक्ट्रोड लावला तर नुसता गलका ऐकू येतो. पेंटलने मांजराच्या व्हेगसमधून केसाहून बारीक धागे सुटे केले, आणि एकाच तंतूतले विद्युत्स्पंद पडद्यावर येतील इथपर्यंत ते विरळ केले. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास चालतं. हात जरा हलला की तंतू मेला. १९५३ साली त्याने अलिंदांच्या संवेदकांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात दोन प्रकारचे तंतू होते. अलिंद स्वतः आकुंचन पावतं त्या क्षणी ज्यांचे स्पंद येतात ते 'ए' प्रकारचे. अलिंद रक्ताने भरत जातं आणि भरणा शिगेला पोचतो तेव्हा ज्यांचे स्पंद दाटतात ते 'बी' प्रकारचे. अलिंद जितकं जास्त भरेल तितके 'बी'चे स्पंद वाढतात. बेनब्रिजने चाळीसेक वर्षांपूर्वी जी बातमी असलीच पाहिजे असा तर्क केला होता, ती इथे प्रत्यक्ष पडद्यावर दिसली.

पेंटल पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक आणि नंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले. १९८१ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांचा आणखी एक शोध आज मला लागणार आहे. फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांना लागून असलेले 'जे' संवेदक त्यांनी शोधले. फुफ्फुसात रक्त तुंबलं, पाणी साचायला लागलं की हे संवेदक चेततात, आणि श्वास उथळ आणि जलद होतो. ते ध्यानात राहू द्या.

पेंटलच्या कामाने बातमी कोण देतं ते कळलं. ती बातमी मिळाल्यावर शरीर काय करतं हे लीड्समध्ये लेडसम आणि लिंडेन यांनी १९६४ साली तपासलं. कुत्र्याच्या फुफ्फुसशिरा आणि डावं अलिंद यांच्या सांध्यात त्यांनी छोटे फुगे ठेवून ते फुगवले. रक्त न वाढवता, रक्तदाब न बदलता, फक्त तेवढीच भिंत ताणली. नाडी वाढली. पण हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढला नाही. हुकूम सिंपथेटिकमधून येत होता आणि तो फक्त सायनस नोडपर्यंतच पोचत होता. संकटाच्या वेळी सिंपथेटिक सबंध शरीर हादरवते असं आपण शिकतो. इथे ती एवढंच निवडक काम करते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आणि या फुग्यांनी आणखी एक गोष्ट केली. कुत्र्याची लघवी वाढली. ऑटो गाउअर आणि जेम्स हेन्री यांनी हे १९५० च्या दशकातच दाखवलं होतं. डावं अलिंद ताणलं की लघवी रोखणारं संप्रेरक कमी होतं आणि मूत्रपिंड पाणी सोडून देतं. विहिरीत किंवा तलावात गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की थोड्या वेळाने लघवीला लागते, हे पोहायला जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पाण्याच्या दाबाने पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे सरकतं, अलिंदं ताणतात, आणि शरीर समजतं की रक्त जास्त झालं. कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये आडोल्फो दे बोल्ड यांनी १९८१ साली उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी प्रचंड प्रमाणात बाहेर पडलं. अलिंद म्हणजे संप्रेरक तयार करणारी ग्रंथीही आहे, हे त्या दिवसापासून मान्य झालं. ज्यांना अचानक धडधडीचा झटका येतो, त्यांच्यातले कित्येक जण झटक्यादरम्यान आणि नंतर पुन्हापुन्हा लघवीला जातात. लंडनच्या पॉल वुडने १९६३ साली याकडे लक्ष वेधलं होतं. रुग्ण संकोचामुळे हे सांगत नाही, म्हणून डॉक्टरने विचारायला हवं.

आता मज्जातंतू बाजूला ठेवू. ते नसतील तर? १९५६ साली ब्लिंक्सने सशाचं सुटं अलिंद घेऊन उजव्या बाजूचा दाब वाढवला. मेंदू नाही, व्हेगस नाही, तरी वेग वाढला. सायनस नोड स्वतःच ताण ओळखतो. त्याच्या पेशींच्या आवरणात ताणाने उघडणारी दारं आहेत, त्यांतून विद्युत्भारित कण आत येतात आणि पुढचा ठोका थोडा लवकर पडतो. वाढ साधारण दहा-पंधरा टक्क्यांची, माफकच. उंदराच्या नोडमध्ये मात्र उलट होतं, ताणल्यावर तो मंदावतो. अशा ताण ओळखणाऱ्या दारांपैकी पिएझो कुटुंबातल्या प्रथिनांचा शोध २०१० साली आर्डेम पातापुतियान यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि २०२१ च्या नोबेल पुरस्कारात त्या कामाचा वाटा होता. धमनीतल्या दाबाच्या संवेदकांना हीच प्रथिनं लागतात हे नंतर दिसलं.

माणसात मज्जातंतूविना हृदय पाहायचं असेल तर प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाकडे जावं लागतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपण केलं. केप टाउनमध्ये पहिलं प्रत्यारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, पण त्या काळात, त्या साधनांनिशी परळमध्ये हे घडलं, याचा उल्लेख मला इथे करावासा वाटतो. आज असे रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. त्यांची विश्रांतीतली नाडी नव्वद ते एकशे दहाच्या घरात असते, कारण आवरून धरणारा व्हेगसच तुटलेला असतो. आणि ईसीजी बारकाईने मोजला तर त्यांच्या नाडीत श्वासाबरोबर अगदी किंचित चढउतार सापडतो. श्वास आत घेतला की छातीतला दाब उतरतो, शिरांतलं रक्त जास्त ओढलं जातं आणि नोड ताणतो. तुमच्या-आमच्या नाडीत श्वासाबरोबरचा चढउतार यापेक्षा कितीतरी मोठा असतो, तरुणांत तर हाताला सहज जाणवतो. १९२० साली बेनब्रिजने त्याचं सगळं श्रेय आपल्या रिफ्लेक्सला दिलं होतं. आज तो मुख्यतः मेंदूतल्या श्वासकेंद्राकडून व्हेगसवर होणाऱ्या परिणामामुळे होतो असं मानलं जातं. अलिंदांचा वाटा आहे, पण छोटा.

श्वासाचा विषय निघाला म्हणून सांगतो. योगी हृदय थांबवतात असं आपण ऐकत आलो आहोत. वेंगर, बागची आणि आनंद या तिघांनी भारतात योग्यांवर प्रत्यक्ष मोजमापं घेऊन १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वास रोखून छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, शिरांतून रक्त येणं जवळजवळ थांबतं, मनगटाला नाडी लागत नाही, स्टेथोस्कोपला आवाज येत नाही. ईसीजीवर ठोके मात्र चालू असतात. त्या साधकांची स्नायूंवरची हुकमत खरीच असामान्य होती. हृदय थांबलेलं नव्हतं, त्याचा भरणा थांबला होता.

आता माणसाकडे नीट यायला हवं, कारण माझा आग्रहाचा मुद्दा इथे आहे. एका प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात अलिंदातला दाब वाढल्यावर नाडी ७५ टक्क्यांपर्यंत वाढू शकते असा आकडा आहे, आणि आपली मुलं तो पाठ करतात. पण बोएचर, झिम्पफर आणि व्हॅटनर यांनी १९८२ साली कुत्रा, बबून माकड आणि माणूस यांची तुलना केली. शुद्धीवरच्या कुत्र्यात द्रव चढवल्यावर नाडी भरपूर वाढते, बबूनमध्ये बरीच कमी, आणि माणसात जवळजवळ नाहीच. पुढे काही संशोधकांना माणसातही बारीक मोजमापांनी याचा माग लागला आहे, पण तो माग आहे, मोठी वाढ नाही. आपण दोन पायांवर उभे राहणारे प्राणी आहोत. उठलो-बसलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे उतरतं आणि पुन्हा वर येतं. अशा शरीरात धमनीतल्या दाबाच्या प्रतिक्षिप्त क्रियेचा वरचष्मा असणं साहजिक आहे, असं मला वाटतं. कारण काहीही असो, कुत्र्याचा आकडा माणसाच्या वॉर्डात वापरला जाऊ नये.

दुसरा गैरसमज दाब आणि ताण एकच आहेत हा. १९९१ च्या जूनमध्ये कोलंबिया यानातून गेलेल्या अंतराळवीराच्या शिरेत उड्डाणाआधीच नळी घातलेली होती. वजनरहित स्थितीत रक्त पायांतून छातीकडे सरकतं, तेव्हा हृदयाजवळच्या शिरेतला दाब चढेल अशी सगळ्यांची अटकळ होती. तो उतरला. आणि सोनोग्राफीत हृदय मात्र आधीपेक्षा मोठं, जास्त भरलेलं दिसलं. सायकलची ट्यूब टायरच्या आत असते तोवर भरपूर दाबाखालीही आकार सोडत नाही. बाहेर काढून तिच्यात थोडी हवा भरली तरी ती फुगते. हृदयाभोवतीही छाती, फुफ्फुसं, पोटातले अवयव यांचा दाब असतो. गुरुत्व गेलं आणि तो बाहेरचा दाब गेला. भिंतीतले संवेदक आतला दाब वाचत नाहीत, ते भिंत किती ताणली ते वाचतात. शिरेतल्या दाबाच्या आकड्यावरून हृदय किती भरलंय याचा अंदाज बांधणाऱ्यांनी हा प्रयोग समोर ठेवायला हवा.

ताण वर्षानुवर्षं राहिला तर संवेदक बोथट होतात. १९७३ साली हृदय निकामी झालेल्या कुत्र्यांमध्ये अलिंदातल्या तंतूंचे स्पंद तेवढ्याच ताणाला कमी येतात असं दिसलं. आपल्याकडे लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या, मायट्रल झडप अरुंद झालेल्या स्त्रिया आजही ओपीडीत येतात. त्यांचं डावं अलिंद फुगत जातं, भिंतीत तंतुमय ऊती साचतात, आणि एक दिवस अलिंदाचं आकुंचन विस्कळीत होतं. मग नाडीत ना वेग स्थिर राहतो ना ताल. हा ताणाचा नाडीवरचा सर्वांत क्रूर परिणाम आहे. त्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून अनियमित नाडी लागली की ईसीजी काढल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये.

आता सलाईन. आपल्याकडे अशक्तपणा आला की 'डॉक्टर, एक बाटली लावा' ही मागणी ठरलेली. ताप असो, जुलाब असोत, परीक्षेचा थकवा असो. बाटली लावली की बरं वाटतं असा समज पिढ्यांचा आहे, आणि तो तोडणं कठीण आहे कारण डॉक्टरांनीच तो जोपासला. जुलाबाने सुकलेल्या माणसाचे प्राण सलाईन वाचवते, यात शंका नाही. पण ज्याचं हृदय आधीच भरलेलं आहे त्याला तीच बाटली बुडवू शकते.

डेंग्यूत हे फार जवळून दिसतं. ताप उतरायच्या सुमारास, एक-दोन दिवस, केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपतो. रक्त आटतं, हातपाय गार पडतात, नाडी धावते. वरचा आणि खालचा रक्तदाब जवळ येतात. दोघांतला फरक वीसवर आला की रुग्ण शॉकमध्ये आहे असं समजायचं. इथे द्रव हवाच, मोजून आणि वेळेत. पण ते एक-दोन दिवस संपले की झिरपलेला द्रव आपोआप रक्तात परत यायला लागतो. तेव्हाही बाटली चालू राहिली तर अलिंदं ताणतात, फुफ्फुसात पाणी उतरतं, पेंटलचे 'जे' संवेदक चेततात आणि श्वास उथळ, जलद होतो. धाप लागलेल्या, घाबरलेल्या, ऑक्सिजन कमी पडत असलेल्या या रुग्णाची नाडीही धावते. परवा रक्त कमी म्हणून एकशे वीस, आज रक्त जास्त म्हणून एकशे वीस. नाडी जलद आहे म्हणून आणखी एक बाटली लावणारा इथे रुग्ण गमावतो.

आणि रिकामं हृदय नेहमी जलदच धावेल असंही नाही. सिझेरियनसाठी पाठीच्या कण्यात भूल दिली की पायांतल्या शिरा सैल होतात, रक्त तिथे साठतं, अलिंदं रिकामी होतात आणि कधीकधी नाडी अचानक मंदावते. काही जण याला उलटा बेनब्रिज म्हणतात. सिंपथेटिकला मिळालेली भूलही त्याला हातभार लावते. भूलतज्ज्ञ अशा वेळी मॉनिटरवरचा एकच आकडा पाहत बसत नाहीत, ते बाईंचे पाय उचलायला सांगतात आणि औषध देतात.

पाय उचलण्याची हीच युक्ती वॉर्डातही कामाला येते. रुग्णाला अर्धवट बसवून ठेवायचं, मग पाठ सपाट करून दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांवर उचलायचे. सुमारे तीनशे मिलिलिटर रक्त काही सेकंदांत छातीकडे येतं. मिनिटभरात वरच्या-खालच्या रक्तदाबातला फरक वाढला, नाडी हाताला भरलेली लागली, तर हृदयाला द्रव हवा आहे असं समजायला आधार मिळतो. नाडीचा वेग वाढला की कमी झाला यावर निर्णय घ्यायचा नाही. तो का, हे आपण इतका वेळ पाहिलं. मानेच्या शिरा फुगल्यात का ते पाहायचं, फुफ्फुसांच्या तळाशी बारीक आवाज येतात का ते ऐकायचं, श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे. याला दहा मिनिटंही लागत नाहीत आणि यासाठी आयसीयू लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या खाटेवर हे करता येतं. चाचणीत फरक दिसला नाही तर पाय खाली घ्यायचे, ते रक्त पुन्हा पायांत उतरतं. शिरेतून दिलेलं एक लिटर सलाईन असं परत घेता येत नाही, म्हणून आधी पाय उचलायचे आणि मगच बाटलीला हात लावायचा.